मेंदूच्या सर्किट्सवर काम करायचंय? बडोद्याच्या एका टी.वाय.च्या मुलीला उत्तर

तुझा प्रश्न मी असा समजले. तू एम. एस. युनिव्हर्सिटीत टी.वाय. फिजिक्सला आहेस, अकरावी-बारावीला बायॉलॉजी नव्हतं, आणि मेंदूतली सर्किट्स प्राण्याचं वागणं परिस्थितीप्रमाणे कसं बदलतात यावर तुला आयुष्यभर काम करायचं आहे. बाबांचं म्हणणं, आधी एमसीए कर, मेंदूचं छंद म्हणून वाचत राहा. तू विचारतेस की एम.एस्सी.ला विषय बदलू का, बडोद्यात राहून सुरुवात होईल का, आणि यावर पोट भरतं का.

वयाने मी तुझ्या मावशीएवढी असेन, म्हणून अगं-तुगं करते. मी रावपुऱ्यात वाढले, याच युनिव्हर्सिटीत झूऑलॉजी शिकले, बरीच वर्षं बाहेर काढली आणि आता इथेच एका छोट्या प्रयोगशाळेत उंदीर निर्णय कसे घेतात ते पाहते. तेव्हा पुढचं सगळं एका उंदीरवालीचं म्हणणं आहे असं समज. माणसांचे एमआरआय करणारा किंवा फळमाश्यांवर काम करणारा काही बाबतींत वेगळं सांगेल, आणि त्याचंही बरोबर असेल.

तिन्ही प्रश्नांना उत्तरं देते, पण एक प्रश्न तू विचारलाच नाहीस, तो आधी घेते. आवडत्या गोष्टींच्या यादीत तू ऑप्टोजेनेटिक्स (न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, उजेडाने चालू करणं), कनेक्टोम (त्या पेशींच्या जोडण्यांचा नकाशा), न्यूरोपिक्सेल्स (शेकडो पेशींची एकदम नोंद घेणारी इलेक्ट्रोडची सुई) एवढं सगळं लिहिलंस. त्यात एकही प्राणी नाही आणि तो काय करतो तेही नाही. या कामात दिवसभर करायचं काय असतं हे तुला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय फिजिक्स की बायॉलॉजी याचा निकाल लागणार नाही.

गणपती विसर्जनाच्या दिवशी मांडवीकडचे रस्ते बंद असतात. रोज तिथूनच स्कूटर नेणारा एखादा गृहस्थ, सकाळी पेपरात वाचलेलं असूनही, न्यायमंदिरापाशी सवयीने आत वळतो आणि मग कपाळाला हात लावतो. त्याचा शेजारी घरून निघतानाच दुसरा रस्ता धरतो. पेपर दोघांनी वाचलेला. मग एकाच्या डोक्यात ती माहिती हँडलपर्यंत पोहोचली आणि दुसऱ्याच्या डोक्यात वाटेतच राहिली, हे कशामुळे? आमच्या क्षेत्रातले निम्मे प्रश्न याच जातीचे आहेत.

आता हे उंदराला कसं विचारायचं? १९८०च्या सुमारास केंब्रिजमध्ये अँथनी डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती बसवली, ती आम्ही अजून वापरतो. उंदीर दांडी दाबतो, खाऊची गोळी मिळते. हे तो शिकला की त्या गोळीची गोडी घालवायची. पोट फुटेस्तोवर तीच खायला घालायची, किंवा ती खाल्ल्यावर मळमळेल असं औषध द्यायचं. हे सगळं दांडीपासून दूर, वेगळ्या पिंजऱ्यात. मग त्याला पुन्हा दांडीपाशी सोडायचं, पण आता दाबली तरी गोळी द्यायची नाही. ही शेवटची अट नीट समजून घे. गोळी दिली तर तो तिथल्या तिथे नव्याने शिकेल, आणि आपल्याला तर आधीपासून त्याच्या डोक्यात काय आहे तेवढंच मोजायचं आहे. थोडाच सराव झालेला उंदीर दांडी कमी दाबतो. गोळीच नको तर दांडी कशाला. भरपूर सराव झालेला मात्र दाबतच राहतो. तीच गोळी पुढ्यात ठेवली तर तोंड लावणार नाही, पण दांडी सोडत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी या दोन उंदरांकडे पाहिलंस तर फरक कळणार नाही. दोघंही मन लावून दांडी दाबत असतात. पुढे २००४-०५च्या सुमारास यिन, नॉल्टन आणि बॅलाइन यांनी मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटमच्या वरच्या अंगाचा बाहेरचा भाग निकामी करून पाहिला. भरपूर सराव झालेले उंदीरसुद्धा गोळी नकोशी झाल्यावर हात आखडता घेऊ लागले. आतल्या बाजूचा भाग निकामी केला तेव्हा उलट झालं. थोड्या सरावाचे उंदीरही सवयीच्या गुलामासारखे वागले. म्हणजे सवयीची वाट आणि हेतूची वाट मेंदूत शेजारीशेजारी आहेत, आणि कुठल्या वेळी कुठली चालेल हे सरावाप्रमाणे ठरतं. यातली शस्त्रक्रिया जुन्या धाटणीची होती. करामत सगळी त्या परीक्षेत होती: गोळी नकोशी करा आणि मग देऊ नका.

माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. प्राण्याला असा प्रश्न विचारता येणं, की दोन वेगवेगळ्या स्पष्टीकरणांना दोन वेगवेगळी उत्तरं मिळतील, हा आमच्या धंद्याचा कणा आहे. हे जमणारा माणूस टिकतो. यंत्रं दर सात-आठ वर्षांनी बदलतात आणि ती शिकता येतात.

तू फिजिक्सची आहेस म्हणून आणखी एक गोष्ट सांगते, ही तुला जास्त रुचेल. १९९०च्या आगेमागे वोल्फ्राम शुल्ट्झ स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या डोपामिन न्यूरॉन्सची (डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची) नोंद घेत होते. अचानक रसाचा थेंब मिळाला की हे न्यूरॉन जोरात फायर व्हायचे, म्हणजे विजेचे ठोके सोडायचे. खूण दिसली की थोड्या वेळाने रस येतो, हे माकड शिकलं की रसाच्या वेळी ते शांत आणि खुणेच्या वेळी फायर. खूण दिसून रस आलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्यांची एरवीची टिकटिकही मंदावायची. हे रसाचं मोजमाप नाही, हालचालीचंही नाही. मग कशाचं? पीटर डायन, मूळचे गणिताचे, आणि रीड माँटेग्यू यांनी ओळखलं की यंत्रांना शिकवण्यासाठी बसवलेल्या एका समीकरणातली एक राशी अगदी असंच वागते: जे मिळालं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा. तिघांचा एकत्र लेख १९९७ साली आला आणि तेव्हापासून आमच्या क्षेत्रात गणितवाल्यांना मानाचं पान आहे.

पण न्यूरॉन समीकरणासारखा वागतो एवढ्याने तो शिकवतो असं सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायला पुन्हा वर्तनाचीच एक जुनी युक्ती कामाला आली. एका खुणेनंतर साखरपाणी मिळतं हे पक्कं शिकलेल्या प्राण्याला नंतर ती खूण आणि एक नवी खूण एकत्र देऊन तेच साखरपाणी दिलं, तर नव्या खुणेबद्दल तो फारसं काही शिकत नाही. बक्षीस अपेक्षेप्रमाणेच आलं, शिकण्यासारखं उरलं काय? लिऑन कामिन यांनी हे तत्त्व १९६०च्या दशकात दाखवलं होतं. ऑप्टोजेनेटिक्समध्ये हिरव्या शेवाळातलं, प्रकाश पडला की उघडणारं प्रथिन न्यूरॉनमध्ये घालतात आणि मग त्या न्यूरॉनला उजेडाने चालू करता येतं. २००५पासून हे तंत्र हाताशी आहे. २०१३मध्ये स्टाइनबर्ग, जनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये कामिनचाच प्रयोग केला, पण साखरपाणी मिळण्याच्या क्षणी डोपामिन न्यूरॉन्स उजेडाने चेतवले. उंदीर नव्या खुणेबद्दल शिकले. जिथे शिकणं व्हायला नको होतं तिथे ते झालं. ऑप्टोजेनेटिक्स नसतं तर हा प्रयोग झाला नसता हे खरं, पण कामिनची युक्ती ठाऊक नसती तर त्या उजेडाचं करायचं काय, हेही कुणाला सुचलं नसतं.

याची दुसरी बाजूही बघ. २०१७ साली एरिक जोनास आणि कोनराड कोर्डिंग यांनी एक खोडकर प्रयोग केला. जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांमधला ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर घेतला. त्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर कुठे आहे आणि कशाला जोडलेला आहे हे माहीत होतं. त्याच्यावर त्यांनी आमच्या नेहमीच्या पद्धती चालवल्या. एकेक ट्रान्झिस्टर बंद करून कुठला गेम सुरू होत नाही ते पाहिलं. काही ट्रान्झिस्टर फक्त 'डाँकी काँग'साठी आवश्यक निघाले! आता ज्याला प्रोसेसर कसा चालतो हे ठाऊक आहे तो हसेल, कारण 'डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर' असं काही नसतं. पण मेंदूच्या बाबतीत अशी वाक्यं आम्ही सर्रास लिहितो. तुला हे क्षेत्र आवडत असेल तर हा लेख जरूर शोध. फिजिक्सच्या मुलांना तो कळतो आणि थोडा आसुरी आनंदही देतो.

कनेक्टोमबद्दल तू फार उत्साहाने लिहिलं आहेस, म्हणून थोडं थांबते. सी. एलिगन्स या कृमीच्या ३०२ न्यूरॉन्सचा जोडणीचा नकाशा १९८६पासून आपल्याकडे आहे. प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा, सुमारे एक लाख एकोणचाळीस हजार न्यूरॉन्सचा, नकाशा २०२४मध्ये पूर्ण झाला. दोन्ही अमूल्य आहेत. पण नकाशा हाती आला की वागणं कळलं, असं होत नाही. इव्ह मार्डर यांनी खेकड्याच्या आणि लॉब्स्टरच्या पोटाच्या हालचाली चालवणाऱ्या जेमतेम तीसेक न्यूरॉन्सच्या सर्किटवर आयुष्य घालवलं. त्यांनी दाखवलं की जोडणी तीच ठेवून केवळ रसायनं बदलली की तेच सर्किट निराळी लय वाजवतं. उलट, आतले आकडे बरेच वेगळे असलेली दोन सर्किट्स अगदी एकसारखी लय देऊ शकतात. तीस न्यूरॉन्सची ही कथा! उंदराच्या मेंदूत सात कोटींच्या आसपास असतात.

आता रोजचं काम. आमच्याकडे नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिले काही महिने मेंदूला हात लावायला मिळत नाही. उंदराला हातात घ्यायला शिकायचं, त्याला आपला वास सवयीचा होऊ द्यायचा, पाणी किती आणि कधी द्यायचं ते सांभाळायचं, रोज वजन करायचं. मग पेटीत तो काय करतो ते नुसतं बघत बसायचं. बघितल्यावर गमती कळतात. पाण्याची झडप उघडताना बारीक 'टक्' आवाज होतो, आणि उंदीर आपण दाखवलेल्या दिव्याकडे दुर्लक्ष करून त्या 'टक्'वर शिकतो. डाव्या कोपऱ्यातला स्क्रू त्याला चावायला आवडतो, म्हणून तो डावीकडे जास्त जातो, आणि संगणक म्हणतो की त्याला डावी बाजू पसंत आहे. नवरात्रात आम्ही नवे उंदीर शिकवायला घेतच नाही. रात्री उशिरापर्यंत गरब्याचे स्पीकर चालू असतात, आणि आमच्या उंदरांचं दिवस-रात्रीचं चक्र उलटं ठेवलेलं असल्यामुळे ती नेमकी त्यांची झोपेची वेळ. बोस्टनच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न कुणाला पडत नाही.

आणि इलेक्ट्रोड घालून नोंदी सुरू झाल्या, निर्णयाच्या क्षणी फायर होणारा देखणा न्यूरॉन सापडला, की आमच्या ग्रूप मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: तेव्हा उंदीर हलला का? प्रत्येक पेटीवर दोन कॅमेरे असतात ते याचसाठी. २०१९मध्ये मुसाल, अ‍ॅन चर्चलँड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूच्या वरच्या थरातल्या क्षणोक्षणीच्या चढउतारांचा मोठा वाटा प्राण्याच्या बारीकसारीक हालचालींचा असतो: मिशा हलवणं, नाक हुंगणं, मागचा पाय ताणणं. दिलेल्या कामाचा वाटा त्यापेक्षा कमी. तेव्हा 'निर्णयाचा न्यूरॉन' म्हणून मिरवणाऱ्यांपैकी बरेचसे मिशीचे न्यूरॉन निघतात. हे तपासताना कंटाळा येणाऱ्याने या वाटेला येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तपासताना मजा येत असेल तर तू आमच्यातली.

तर मग विषय बदलायचा का? माझ्या मते फिजिक्स सोडून झूऑलॉजीत एम.एस्सी. करायची गरज नाही. आमच्याच युनिव्हर्सिटीचं उदाहरण आहे. वेंकी रामकृष्णन १९७१ साली इथूनच फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले, ओहायोत फिजिक्समध्येच पीएच.डी. केली, आणि ती झाल्यावर सॅन दिएगोला पुन्हा विद्यार्थी म्हणून बायॉलॉजी शिकायला बसले. २००९चं नोबेल रायबोसोमच्या रचनेसाठी, तेही केमिस्ट्रीत. त्यांच्या घरचं वातावरण मात्र तुझ्या-माझ्या घरासारखं नव्हतं हेही सांगायला हवं. वडील इथल्या बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख, आणि आई राजलक्ष्मी यांची मानसशास्त्रातली पीएच.डी. मॅकगिलची, म्हणजे त्या काळी मेंदू आणि वर्तन यांवरच्या कामाची पंढरीच. उदाहरणाने हुरूप यावा, पण ते बघून 'आपणही कधीही वळू' असं धरून चालू नये.

फिजिक्सने तुला दोन गोष्टी दिल्या आहेत. एक, समीकरणाला न घाबरणं. हॉजकिन आणि हक्सली यांचं १९५२चं स्क्विड या सागरी प्राण्याच्या अ‍ॅक्सॉनवरचं (न्यूरॉनच्या लांब तंतूवरचं) काम तू सुट्टीत स्वतः सोडवू शकशील. त्यात कपॅसिटर आणि बदलते रोध यांपलीकडे फारसं काही नाही, आणि झूऑलॉजीची मुलं तिथेच अडतात. मीही त्याच मुलांतली, त्यामुळे अनुभवाने सांगते. दोन, उपकरण बिघडलं तर ते उघडून बघायची सवय. जे मिळालेलं नाही त्यात बायॉलॉजीपेक्षा मोठी उणीव माझ्या मते संख्याशास्त्राची आहे. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये लंबक दहा वेळा सोडला तर तो दहाही वेळा लंबकच असतो. माझ्याकडे आठ उंदीर असतील तर ते आठ स्वभाव असतात, आणि एका उंदराचे पाचशे न्यूरॉन म्हणजे पाचशे स्वतंत्र पुरावे नव्हेत. ही एक गोष्ट नीट न कळल्यामुळे किती प्रबंध लटकलेले मी पाहिलेत! मेंदूची रचना, कुठला भाग कुठे जोडलेला आहे, हे पाठांतर आहे आणि ते होऊन जातं.

विषय कधी बदलावा? तुला फिजिक्सची एम.एस्सी. करायचा मनापासून कंटाळा असेल तर. तसं असेल तर आपल्याला जवळचा पर्याय आयआयटी गांधीनगरचा. तिथे कॉग्निटिव्ह सायन्समध्ये एम.एस्सी. आहे आणि तिला कुठल्याही शाखेचे पदवीधर जातात. अहमदाबादच्या पलीकडेच आहे, एकदा जाऊन बघून ये. पण तिथला भर जास्त करून माणसांच्या आकलनावर आहे. उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालायचा असेल तर पुढे पीएच.डी.ला दुसरीकडे जावं लागेल.

पीएच.डी.साठी देशात चांगल्या जागा आहेत आणि त्या सगळ्या फिजिक्सवाल्यांना दार बंद करत नाहीत. बंगळूरला आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स आणि एनसीबीएस, मानेसरला एनबीआरसी, मुंबईत टीआयएफआर, शिवाय आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था. टीआयएफआर आणि एनसीबीएसची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा जीबिल्स या नावाने ओळखली जाते. तिच्यात पाठांतरापेक्षा विचार करायला लावणारे प्रश्न असतात, जुने पेपर आत्ताच सोडवायला घे. सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा तू फिजिकल सायन्सेसमधून देऊ शकतेस. प्रयोगशाळा निवडताना संस्थेच्या नावापेक्षा तिथे वर्तन किती बारकाईने बघतात ते पाहा. उदाहरणार्थ, एनसीबीएसमधून सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाचं २००२चं काम वाच: सततच्या ताणाने उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (आठवणींशी संबंधित भागातल्या) न्यूरॉन्सच्या फांद्या आखडतात आणि अमिग्डालातल्या (भीतीशी संबंधित भागातल्या) मात्र वाढतात. मेंदू बदलतो तो नेहमी भल्यासाठीच असं नाही, हे त्यातून फार स्वच्छ दिसतं. टीआयएफआरच्या विदिता वैद्य यांचं सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि भावनांच्या सर्किट्सवरचं कामही बघ.

एक गोष्ट तुझ्या घरी कुणी बोलणार नाही, म्हणून मी बोलते. या कामात प्राण्यांवर शस्त्रक्रिया करावी लागते आणि प्रयोग संपल्यावर बहुतेक वेळा त्यांना मारून मेंदू काढून तपासावा लागतो. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असते, किती प्राणी आणि का हे आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं, भूल आणि वेदनाशामकं द्यावीच लागतात. तरी हात तुझेच असतात. माझ्या सासूबाईंना मी नेमकं काय करते ते कितीतरी वर्षं 'कॉम्प्युटरचं' एवढंच ठाऊक होतं. तुला हे जमणार नाही असं वाटलं तर त्यात कमीपणा नाही. माणसांवरचं काम आहे, माश्या आहेत, आणि निव्वळ गणिती मॉडेलं आणि इतरांच्या नोंदींचं विश्लेषण यावर उत्तम करिअर होतं. पण हे पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

बडोद्यात राहून काय करता येईल? बरंच. इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरी नावाच्या गटाने बारा प्रयोगशाळांत, १३९ उंदरांवर, एकच काम शिकवून मेंदूभर नोंदी घेतल्या आणि सगळा डेटा फुकट खुला ठेवला. तुझ्या लॅपटॉपवर तो उघडतो. न्यूरोमॅच अकॅडमीचा उन्हाळी ऑनलाइन वर्ग २०२०पासून चालतो, पायथॉन येत असेल तर त्यात गणिती बाजू छान शिकवतात. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. तो नक्की भर.

पण या सगळ्याच्या आधी एक गृहपाठ. गच्चीवर खारी येत असतील ना? दोन सारख्या वाट्या घे, कठड्यावर हातभर अंतराने ठेव, आतलं दिसणार नाही अशी कागदी झाकणं घाल, आणि दोन्ही वाट्यांना आतून शेंगदाणा चोळून ठेव म्हणजे वासावरून कळणार नाही. डाव्या वाटीत दहातल्या आठ वेळा दाणा, उजवीत दहातल्या दोन वेळा. कुठल्या वेळी ठेवायचा ते पायथॉनकडून आधीच काढून घे, मनाने ठरवू नकोस. खार डावीकडे जाऊ लागली की गुपचूप उलट कर, आणि किती फेऱ्यांनंतर ती बाजू बदलते ते लिही. पुन्हा उलट कर. पुन्हा. आता खरा प्रश्न: दर वेळी बदलायला तेवढाच वेळ लागतो, की हळूहळू कमी लागतो? रेस्कोर्ला आणि वॅगनर यांचा शिकण्याबद्दलचा १९७२चा साधा नियम दोन ओळींत लिहिता येतो. तो चालवून बघ. त्यातला शिकण्याचा वेग कायम ठेवलास तर तो कितीही वेळा उलटवलं तरी त्याच वेगाने बदलत राहील. खार मात्र लवकर बदलायला लागली, तर ती डावं-उजवं यापलीकडचं काही शिकली: इथे गोष्टी उलटत असतात. त्यासाठी मेंदूत काहीतरी जास्तीचं लागतं, आणि ते कुठे असतं यावर माझी प्रयोगशाळा चालते.

अडचणी येतीलच. आज आलेली खार कालचीच कशावरून? कावळा वाटी उलटवेल. उजवी वाटी भिंतीलगत असेल तर तिथे खारीला सुरक्षित वाटतं, म्हणजे दाण्यांशी संबंधच नाही. पकडायचं नाही, रंग लावायचा नाही, नुसतं बघून यातून मार्ग काढायचा. महिनाभर हे केल्यावर तुला वैताग आला की झोप उडाली, यावरून तुला स्वतःबद्दल जे कळेल ते माझ्या या लांबलचक उत्तरातून कळणार नाही.

आता पोटापाण्याचं. पीएच.डी.ला जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर जानेवारी २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडं वेगळं. एकटीचं भागतं. घरी पाठवायचे असतील तर ओढाताण होते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, त्यानंतर पोस्टडॉक (दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षं संशोधन), आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळाली तर पस्तिशीच्या आगेमागे. 'मिळाली तर' हे मुद्दाम म्हणते. माझ्या बरोबरीच्या लोकांपैकी बरेच आज डेटा सायन्समध्ये, वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत किंवा कॉलेजात शिकवायला आहेत, आणि त्यातले बहुतेक मजेत आहेत. इथल्या औषध कंपन्या सर्किट्सवरच्या मूलभूत संशोधनाला नोकऱ्या देतील या भरवशावर मात्र राहू नकोस. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांचं शिक्षण तुझ्यावर असेल, तर बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तसं नसेल, तर त्यांना एवढं सांग की या वाटेवर प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र एमसीएच्या मुलाइतकंच शिकावं लागतं, त्यामुळे मध्ये उतरावं लागलं तरी माणूस रस्त्यावर येत नाही. त्यांना माझा नमस्कारही सांग.

उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर मेल लिहिण्याची रीत सांगून थांबते. 'आदरणीय सर, मला न्यूरोसायन्सची अतोनात आवड आहे' अशी मेल मला आठवड्याला ढीगभर येतात आणि वाचायचं धाडस होत नाही. त्या गटाचा एक लेख पूर्ण वाच, त्यातल्या प्राण्याला कुठला प्रश्न विचारला होता ते दोन वाक्यांत लिही, आणि तुला पटलेलं नसेल तर का नाही ते तिसऱ्या वाक्यात. खाली खारींचा आलेख जोड, कावळ्यासकट. विषयाच्या ओळीत 'इंटर्नशिपसाठी विनंती' ऐवजी 'गच्चीवरच्या खारी आणि दोन वाट्या' असं लिही. उघडतील.